दिवेलागण ते नीज : घरातल्या उजेडाचा उतार

श्रोतेहो,

आजचा विषय घरातल्या दिव्यांचा असला, तरी सुरुवात सूर्यापासूनच करावी लागेल. आपल्या इंदुरात जूनअखेरीस सूर्य सव्वासाताच्या आसपास मावळतो आणि नोव्हेंबरअखेरीस पावणेसहाच्या सुमारास, म्हणजे एकाच घरातली दिवेलागणीची वेळ वर्षभरात सुमारे दीड तास मागेपुढे होते. आकाश निरभ्र असेल तर सूर्य मावळताना उघड्यावर साधारण ४०० लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) उजेड असतो आणि पुढच्या पंचवीसेक मिनिटांत तो तीन-चार लक्सवर येतो. इतक्या थोड्या वेळात उजेड शंभरपट घटतो. तरीही गच्चीवर गप्पा मारत बसलेल्या माणसांना ते जाणवत नाही, कारण ही घट कोठेही उडी घेत नाही. घरात मात्र सहा-सात वाजता ६५०० केल्व्हिनची (केल्व्हिन हे उजेडाच्या रंगाचे माप; आकडा लहान तर उजेड पिवळसर, मोठा तर निळसर पांढरा) पांढरीशुभ्र ट्यूब लागते, रात्री अकरापर्यंत तशीच जळते आणि मग एकदम अंधार होतो. संध्याकाळच्या उजेडाला उतार हवा, आणि तो साध्या घरातही बसवता येतो, एवढेच मला आज मांडायचे आहे.

तो का हवा, हे थोडक्यात सांगतो. डोळ्याच्या पडद्यावर पाहण्याचे काम करणाऱ्या पेशींखेरीज मेलॅनोप्सिन हे द्रव्य असलेल्या काही पेशी असतात, हे २००२ च्या सुमारास प्रयोगांनी सिद्ध झाले. या पेशी सुमारे ४८० नॅनोमीटरच्या निळसर उजेडाला सर्वांत जास्त प्रतिसाद देतात आणि मेंदूला ‘अजून दिवस आहे’ असे कळवतात, त्यामुळे मेलाटोनिन हे झोपेची चाहूल देणारे संप्रेरक स्रवण्यास उशीर होतो. २०२२ मध्ये या क्षेत्रातल्या संशोधकांनी एकत्र येऊन शिफारस केली की निजण्यापूर्वीचे किमान तीन तास डोळ्यापर्यंत पोहोचणारा उजेड, या पेशींच्या हिशेबाने, १० लक्सच्या वर असू नये.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पिवळा बल्ब लावला की काम झाले, असे पुष्कळांना वाटते. पण तितक्याच उजेडाचा २७०० केल्व्हिनचा दिवा ६५०० च्या दिव्याच्या मानाने या पेशींवर ढोबळमानाने निम्माच परिणाम करतो, त्याहून फार कमी नाही. उरलेले काम उजेड मंद करूनच साधावे लागते. म्हणून बल्ब घेताना रंग आणि तेज दोन्ही मोबाइलच्या ॲपवरून बदलता येणारा, म्हणजे स्मार्ट बल्ब घ्यावा, आणि आपल्याकडचे बहुतेक होल्डर पिनेचे, म्हणजे बी-२२ असतात, हे ध्यानात ठेवावे. वायफायचे बहुतेक बल्ब राउटरच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरच जोडले जातात. जिथे जुन्या पद्धतीचा फिरवायचा डिमर, म्हणजे उजेड कमी-जास्त करणारे बटण, बसवलेला आहे, त्या जागी असा बल्ब लावू नये. तो लुकलुकतो आणि लवकर खराब होतो.

आता उताराकडे वळू, कारण खरी कसोटी तिथेच आहे. आपला डोळा उजेड सरळ प्रमाणात मोजत नाही. मूळ उजेडाचा सुमारे १८ टक्के भाग उरला, तरी तो आपल्याला निम्मा वाटतो. त्यामुळे दर दहा मिनिटांनी सारखे टक्के वजा करत गेलो, तर पहिला तासभर काहीच घडत नाही असे वाटते आणि शेवटी उजेड अचानक कोसळतो. त्याऐवजी दर दहा मिनिटांनी, त्या क्षणी जेवढा उजेड आहे त्याचा सातवा भाग कमी करावा. शंभरावरून सुरुवात केली तर ८६, मग ७३, मग ६३ असे होत पंधरा पायऱ्यांत, म्हणजे अडीच तासांत, आपण दहावर येतो, आणि घरातल्या कोणाच्याही ते लक्षात येत नाही. काही बल्बांच्या ॲपमध्ये मात्र टक्के आधीच डोळ्याच्या हिशेबाने लावलेले असतात. बल्ब ५० वर नेऊन पाहावा. उजेड खरोखर निम्मा वाटला तर सरळ समान पायऱ्या ठेवाव्यात.

हा उतार कधी सुरू करावा? बहुतेक ॲपमध्ये सूर्यास्ताची वेळ आपोआप घेण्याची सोय असते आणि लोक सारे काही तिच्यावर सोपवतात. मला ते पटत नाही. डिसेंबरात पावणेसहालाच उतार लागला, तर ऑफिसातून परतलेला माणूस अर्ध्या अंधारात घरात शिरेल. दिवे लागणे सूर्याला बांधावे आणि उतरणे घराच्या निजेला बांधावे. जिथल्या सराफा बाजारात रात्री दहानंतर खाण्याची गर्दी होते, अशा आपल्या शहरात प्रत्येक घराची निजेची वेळ निराळी असते. साडेअकराला निजणाऱ्या घराने आठाला उतार सुरू केला, तर साडेदहाला दिवे दहा टक्क्यांवर येतात. तीन तासांची शिफारस यात पूर्ण पाळली जात नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु जेवणखाण नवाला आटोपणाऱ्या घरात शेवटचा तास तरी नीट मिळाला, तर तो मी मोठा लाभ मानतो.

स्वयंपाकघर या उतारात मुळीच घेऊ नये. विळी आणि गॅस यांना पुरता उजेड लागतो. वडीलधाऱ्यांचाही विचार वेगळा करावा. वयाबरोबर बाहुली लहान होते, भिंग पिवळे पडते आणि साठीच्या माणसाच्या पडद्यावर विशीतल्या तरुणाच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच उजेड पोहोचतो. आजी रात्री पोथी वाचत असतील, तर खोली मंदच ठेवून पोथीवर पडेल असा, डोळ्यांत न जाणारा छोटा दिवा त्यांच्याजवळ द्यावा. न्हाणीघराच्या वाटेवर गुडघ्याच्या खाली पिवळसर, अगदी मंद दिव्यांची पट्टी असावी, म्हणजे रात्री उठणाऱ्याला डोक्यावरचा दिवा लावावा लागत नाही.

अखेरीस भिंतीवरच्या बटणांविषयी. स्मार्ट बल्बाचे बटण कोणी सवयीने बंद केले की त्याचा वीजपुरवठाच तुटतो आणि सारी योजना थांबते. म्हणून बोर्डाशेजारी बॅटरीवर चालणारे, तारेविना जोडलेले बटण लावावे. त्यावर एक कळ पाहुण्यांसाठी राखावी. ती दाबली की दोन तास उतार थांबेल. दुसरी गोष्ट वीज जाण्याची. कित्येक बल्ब वीज परत आली की मूळच्या पूर्ण पांढऱ्या उजेडात पेटतात, मग रात्रीचे दोन का वाजले असेनात आणि पाळण्यात बाळ का निजले असेना. वीज परतल्यावर बल्बाने कसे वागावे, हे ठरवण्याची सोय ॲपमध्ये बहुधा आतल्या एखाद्या पानावर असते. तिथे ‘पूर्वीची स्थिती’ निवडावी, आणि निजायच्या खोलीतला बल्ब घेण्यापूर्वीच त्यात ही सोय आहे ना, हे दुकानदाराला विचारून घ्यावे.