पन्नासचा मारिओ, साठचा मारिओ

नमस्कार. मागे ऐकू येतंय ना? पंख्याचा आवाज जास्त वाटला तर सांगा, मी जरा मोठ्याने बोलतो.

हातात धरलाय तो रास्पबेरी पाय ४, पत्त्यांच्या कॅटएवढा कॉम्प्युटर. टेबलावर एक एलसीडी आहे आणि शेजारी जुना डबा टीव्ही, तो मी रिक्षात मांडीवर धरून आणलाय. विषय तुम्हाला माहितीये, लहानपणीचे व्हिडिओ गेम या बोर्डावर कसे चालवायचे. आता गेम चालू करणं हे एका संध्याकाळचं काम आहे, ते कोणालाही जमतं. पण तो गेम आपल्या बोटांना जसा आठवतो तसा चालवायला मला जवळजवळ वर्ष लागलं, आणि आज मी जास्त करून त्याच वर्षाबद्दल बोलणार आहे.

आधी ती संध्याकाळ उरकून घेऊ. लॅपटॉपवर रास्पबेरी पायचंच इमेजर नावाचं सॉफ्टवेअर घ्यायचं, त्यात गेमिंगच्या ओएसच्या यादीत रेट्रोपाय सापडतं, ते निवडून मायक्रो एसडी कार्डावर लिहायचं, कार्ड बोर्डात घालायचं आणि चालू करायचं. पाय ५ असेल तर रिकलबॉक्स किंवा बाटोसेरा बघा, तिकडे काम सरळ होतं. पहिल्यांदा चालू झालं की ते तुमच्या गेमपॅडची बटणं एकेक करून विचारतं, ते घाईघाईत करू नका, कारण तिथे चुकलं की पुढे सगळीकडे उलटं होतं. मग एक पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करायचा, त्यात रेट्रोपाय नावाचं रिकामं फोल्डर करायचं, इंग्रजीत सगळी लहान अक्षरं, आणि तो पायला लावून त्याचा दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत गप बसायचं. काढून लॅपटॉपला लावलात की आत प्रत्येक मशीनच्या नावाचं फोल्डर तयार दिसतं. ज्याचे गेम त्याच्या फोल्डरात टाकायचे, पेनड्राइव्ह परत पायला लावायचा, कॉपी होतं, झालं. गेममधून बाहेर यायला सिलेक्ट आणि स्टार्ट एकदम दाबायचं, हे सांगतो कारण अर्धे लोक इथे अडकून शेवटी वायर उपटतात आणि त्यात एक दिवस कार्डाची फाईल सिस्टिम जाते.

कार्डावरून आठवलं. माझं पहिलं कार्ड एका दुकानातून स्वस्तात घेतलेलं, वर छापलेलं ६४ जीबी. ओएस लिहिली गेली, सुरूही झाली, मग गेम कॉपी करत गेलो तर काही उघडायचे आणि काही नाही, आणि कालचे चालणारे आज बंद. मी चार दिवस सॉफ्टवेअरलाच दोष देत बसलो. शेवटी एच२टेस्टडब्ल्यूने पूर्ण कार्ड लिहून परत वाचून बघितलं तेव्हा कळलं की आत खरी जागा फक्त ८ जीबी आहे, बाकी आकडा खोटा. तेव्हापासून नवीन कार्ड आलं की आधी ही तपासणी. लिनक्सवाल्यांसाठी एफ३ आहे, तेच काम करतं.

दुसरी गोष्ट वीज, आणि इथून माझा खरा मुद्दा सुरू होतो. पाय ४ ला ५ व्होल्ट ३ अँपिअर लागतात. घरातला मोबाईलचा चार्जर लावला तर चालू होतो, पण बारीक लांब केबलमध्ये व्होल्टेज पडतं आणि साधारण ४.६३ च्या खाली गेलं की स्क्रीनच्या कोपऱ्यात पिवळी वीज दिसते. लोक म्हणतात दिसू दे, गेम तर चालतोय. चालतोय, पण वीज कमी पडली की बोर्ड स्वतःचा वेग उतरवतो, ८० डिग्रीच्या पुढे तापला तरी उतरवतो, मग आवाज फाटायला लागतो, गाणं मध्येच अडखळतं, उडी उशिरा लागते. मग तुम्ही म्हणता एम्युलेटर, म्हणजे जुन्या मशीनचं सोंग घेणारं सॉफ्टवेअर, भंगार आहे. नाही हो, त्याला पोटभर जेवायला दिलेलं नाहीये. चांगला ॲडॉप्टर आणि एक ॲल्युमिनियमचं हीटसिंक, एवढ्याने निम्म्या तक्रारी जातात.

कोणी विचारेल की एवढ्या जुन्या गेमला ताकद कशाला लागते? प्रश्न रास्त आहे. मारिओ मुळात ज्यावर चालायचा त्या निन्टेन्डोच्या मशीनचा प्रोसेसर १.७९ मेगाहर्ट्झचा, रॅम २ केबी. पहिला सुपर मारिओ, १९८५ चा, अख्खा ४० केबीत बसतो. तुम्ही सकाळी व्हॉट्सॲपवर फुलांचा फोटो पाठवता ना, तो याच्यापेक्षा मोठा असतो. पण त्या डब्यात प्रोसेसर, चित्राची चिप आणि आवाजाचा भाग हे सगळे एका तालात चालायचे आणि गेम लिहिणाऱ्यांनी त्या तालाचाच फायदा घेऊन लिहिलंय, टीव्हीची रेघ अमुक ठिकाणी आली की हे करायचं, असं. एम्युलेटरला ही सगळी वाद्यं एकट्याने वाजवायची असतात आणि एकही मात्रा चुकवायची नसते.

आता ताईची गोष्ट.

आमच्याकडे १९९६ च्या मे महिन्यात व्हिडिओ गेम आला. बाबा सोलापूरहून घेऊन आले. अर्थात तो मूळ जपानी मशीन नव्हता, त्याची नक्कल होती, तेव्हा आपल्याकडे बहुतेक घरांत नक्कलच असायची आणि आपण त्याला नुसतं व्हिडिओ गेम म्हणायचो. पिवळी कॅसेट, वर लिहिलेलं ९९९९ इन १, आणि खाली जात राहिलं की तेच पंधरा-वीस गेम पुन्हा पुन्हा, फक्त सुरुवात वेगळ्या लेव्हलपासून. कॉन्ट्रा, टँक, सर्कस, बदकं मारायचा गनवाला. दोन रिमोट, त्यातल्या दुसऱ्याला स्टार्ट-सिलेक्ट बटणंच नाहीत, त्यामुळे पहिला रिमोट ज्याच्या हातात त्याची सत्ता, आणि ती कायम ताईची. कॅसेट चालली नाही की काढून फुंकर मारायची आणि परत लावायची.

तर मी पाय सेट केला, दिवाळीत ताई आली, मी मोठ्या उत्साहाने मारिओ लावून दिला. ती खेळायला बसली आणि पहिल्याच खड्ड्यात पडली. परत पडली. तिसऱ्यांदा पडल्यावर रिमोट खाली ठेवून म्हणाली, अरे हा फार पळतोय, आपला असा नव्हता. मी म्हटलं, ताई, तीस वर्षं होत आली, सवय गेली असेल. ती म्हणाली, सवय गेली असेल पण गाणं? गाणं पण घाईत आहे.

गाण्याचं बोलली नसती तर मी सोडून दिलं असतं. पण तिचा कान चांगला आहे, लहानपणी पेटी शिकलीये. मी शोधायला लागलो आणि ती शंभर टक्के बरोबर निघाली.

झालं असं होतं बघा. जपान आणि अमेरिकेतला टीव्ही सेकंदाला ६० चित्रं दाखवायचा, आपला पाल पद्धतीचा, तो ५०. गेममध्ये घड्याळ असं वेगळं काही नव्हतं, एक चित्र म्हणजे एक ठोका, त्या ठोक्यावर मारिओ पळतो, त्याच ठोक्यावर गाणं वाजतं. पाल टीव्हीसाठी बनवलेल्या त्या नकली डब्यात ठोके ५०, आणि आत गेम मात्र ६० साठी लिहिलेला. म्हणजे आपण सगळं सहाभागातला एक भाग हळू खेळत होतो. मारिओच्या पहिल्या लेव्हलला वर ४०० आकडा असतो ना, तो एकेक घर उतरायला २४ चित्रं लागतात. गुणाकार करा, ९६०० चित्रं. साठच्या हिशोबाने १६० सेकंद, पन्नासच्या हिशोबाने १९२. आम्हाला त्या लेव्हलला बत्तीस सेकंद जास्त मिळत होते आणि आम्हाला त्याचा पत्ताच नव्हता!

मी म्हटलं सोपं आहे, सेटिंगमध्ये जाऊन पाल करू. केलं. वेग उतरला, पण आता गाण्याची पट्टी पण खाली गेली, आवाज दबका झाला. ताईला फोनवर ऐकवलं, ती म्हणाली लय आली पण सूर गेला. परत शोध. युरोपातल्या अधिकृत पाल मशीनचा प्रोसेसरच थोडा हळू होता, १.६६ मेगाहर्ट्झ, आणि आवाज त्याच प्रोसेसरमधून निघतो म्हणून सूर उतरतो. वर युरोपसाठीचा मारिओ तर कंपनीने वेग जुळवून वेगळाच काढला होता, म्हणजे त्याचा रॉम, कॅसेटमधल्या गेमची फाईल हो, घेतला तरी आपलं काम होत नाही. आपल्याकडच्यासारख्या नकली डब्यांत चिप बनवणाऱ्यांनी वेगळी युक्ती केली होती, प्रोसेसर १.७७ वर ठेवला, म्हणजे जवळजवळ मूळ वेग, आणि फक्त दोन चित्रांमधली मोकळी वेळ वाढवून ठोके पन्नासवर आणले. त्यामुळे लय संथ आणि सूर जवळपास तोच. रशियात १९९२ मध्ये असाच एक डबा डेंडी नावाने आला आणि घराघरात गेला, म्हणून एम्युलेटरमध्ये या पद्धतीचं नावच डेंडी पडलंय.

तर गेम चालू असताना रेट्रोआर्कचा, म्हणजे रेट्रोपायमध्ये एम्युलेटर ज्याच्या आत चालतात त्या सॉफ्टवेअरचा, मेनू उघडा, कोअर ऑप्शन्समध्ये जा, एम्युलेटर एफसीईयूएमएम असो किंवा नेस्टोपिया, दोन्हीत रीजन असतं, ते ऑटोवरून डेंडी करा. रॉम मात्र जपानी किंवा अमेरिकन वापरा. आणि एक गोष्ट राहते जी बहुतेक कोणी सांगत नाही, टीव्हीला पायकडून जाणारा सिग्नल अजून ६० चाच असतो, त्यामुळे ५० चा गेम दर थोड्या वेळाने झटका खातो, जमीन सरकताना लगेच दिसतं. गेम सुरू होताना एक करडा चौकोन येतो तेव्हा कुठलंही बटण दाबा, रन कमांडचा मेनू उघडतो, तिथे त्या गेमपुरता ५० हर्ट्झचा व्हिडिओ मोड निवडा. ७२० किंवा १०८० चा ५० हर्ट्झ मोड आपल्याकडचे टीव्ही सहसा घेतात. मग बघा जमीन कशी लोण्यासारखी सरकते.

पुढचा अडथळा उशीर. बटण दाबल्यापासून उडी दिसेपर्यंतचा वेळ. डब्या टीव्हीत हा उशीर जवळपास नव्हताच, एलसीडी मात्र चित्र सुंदर करण्याच्या नादात ते धरून ठेवतो. पहिलं काम, टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड चालू करा, त्यानेच सगळ्यात जास्त फरक पडतो. मग रेट्रोआर्कमध्ये रन अहेड म्हणून आहे, एम्युलेटर एक चित्र पुढचं आधीच काढून ठेवतो आणि तुमचं बटण आलं की मागे जाऊन बदलतो. मारिओला १ पुरतो. जास्त ठेवलात तर चित्रं गळायला लागतात, हाव करू नका.

किंवा मग सरळ हा डबा टीव्ही. पाय ४ च्या त्या हेडफोनच्या भोकातूनच जुन्या टीव्हीचं चित्र पण निघतं, हे अनेकांना माहीत नसतं. कॉन्फिग फाईलमध्ये टीव्ही आउट चालू करायचं आणि पाल निवडायचं. केबलचं मात्र लक्ष ठेवा. बाजारात मिळणारी तीन रंगांची बरीचशी केबल कॅमेऱ्याची असते, तिच्यात तारांची जागा वेगळी असते, पिवळी पिवळ्यात लावली तर टीव्हीवर नुसती गुरगुर. लाल पिन काढून पिवळ्या भोकात लावा, तिथे चित्र येतं. तरीही नाही आलं तर मल्टिमीटर लावून बघा, पायमध्ये जाणाऱ्या पिनवर टोकाकडून तिसरी कडी ही ग्राउंड असायला पाहिजे, नसेल तर ती केबल परत द्या.

डबा टीव्ही आला की सगळे गन मागतात. तिचं सांगतो, ती मला फार आवडते. ट्रिगर दाबला की गेम एक चित्र पूर्ण काळं करतो आणि पुढच्या चित्रात फक्त बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढतो. गनमध्ये प्रकाश ओळखणारा छोटा डोळा असतो, काळ्यानंतर लगेच उजेड दिसला तर नेम बरोबर. म्हणजे गोळी गनमधून टीव्हीकडे जातच नव्हती, टीव्हीकडून गनकडे येत होती. एलसीडीवर ते पांढरं उशिरा येतं, शिवाय जुन्या टीव्हीसारखी प्रकाशाची थरथर नसते, म्हणून जुनी गन तिथे आंधळी. नवीन सिंडन नावाची कॅमेरावाली गन एलसीडीवर चालते, पण ती महाग आहे आणि मी स्वतः वापरलेली नाही.

मुस्तफाचं विचारणारच तुम्ही, म्हणून थोडक्यात. एक रुपयाच्या नाण्यावाला, कॅपकॉमचा १९९३ चा, खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स, मुस्तफा हे त्यातल्या एका खेळाडूचं नाव. पार्लरचे गेम झिप फाईलमध्येच राहू द्यायचे, उघडायचे नाहीत, आणि फाईलचा संच एम्युलेटरच्या आवृत्तीशी जुळावा लागतो. पार्लरच्या गेमांचे दोन एम्युलेटर आहेत, त्यातल्या मेम २००३ ला त्या वर्षाचा संच लागतो, एफबीनिओला ताजा. सुरू होत नाही म्हणून जे विचारतात त्यांचं दहापैकी नऊ वेळा हेच चुकलेलं असतं.

आणि रॉम कुठून आणायचे, तर मी साईटचं नाव सांगणार नाही. या गेमांचे हक्क कंपन्यांकडे आहेत. घरी जुन्या मूळ कॅसेट असतील तर त्या वाचून घ्यायचं यंत्र मिळतं. आणि आजही लोक त्याच जुन्या मशीनसाठी नवे गेम लिहितात आणि रॉम रीतसर विकतात. मायक्रो मेजेस घ्या, २०१९ चा, चार जण एकत्र खेळू शकतात, आणि तोही बरोबर ४० केबीत बसवलाय. मी विकत घेतला, ताईच्या पोरांना मारिओपेक्षा तोच आवडतो.

बोलणं पुरे. दोन्ही टीव्ही चालू करतोय. दोन्हींवर मारिओची पहिलीच लेव्हल आहे, एकावर साठ, एकावर पन्नास, कुठला कुठला ते मी सांगणार नाही. ज्यांच्या घरी नव्वदच्या दशकात पिवळी कॅसेट होती त्यांनी आधी पुढे या, डोळे मिटून नुसतं गाणं ऐका आणि कुठला तुमचा ते बोट करून दाखवा.