मागची पत्र्याची खोली

श्रोतेहो, नमस्कार.

मृग तोंडावर आला की आपल्याकडं घरोघरी हाक ऐकू येते, ‘अगं, तिफणीचे फण कुठं ठेवलेत?’ आणि उत्तर ठरलेलं, ‘बघा की मागच्या खोलीत.’ आज त्या मागच्या खोलीबद्दलच बोलायचंय.

आमचं गाव औसा तालुक्यात, किल्लारीपासून फार लांब नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, विसर्जनाची रात्र नुकती सरलेली, आणि भूकंप झाला. आमचं माळवदाचं घर पडलं नाही, पण दगडी भिंतीला फट गेली. त्यानंतर आत झोपायची कुणाची छाती होईना. मामंजींनी परसात दहा बाय वीस फुटांची पत्र्याची खोली उभी केली. तीन पावसाळे आम्ही तिथंच काढले. मग हळूहळू भीती ओसरली, अंथरुणं घरात परतली आणि रिकाम्या खोलीत पहिलं पोतं येऊन पडलं.

पुढं ती खोली भरतच गेली. मोडका वखर, गळका फवारणी पंप, ठिबकच्या नळ्यांची वेटोळी, बारदाना. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात टँकरचं पाणी साठवायला चार निळी पिंपं घेतली, तीही तिथंच गेली. ‘राहू द्या, लागंल,’ असं आपण म्हणतो. ही कंजुषी नाही. एका घागरीसाठी ज्यानं रात्र जागून काढली, त्याला गळकी घागरसुद्धा टाकवत नाही. पण आम्ही खोली उपसली तेव्हा अकरा खुरपी निघाली. दरवर्षी सापडत नव्हती म्हणून दरवर्षी नवी आणलेली.

खोली उपसायचं ठरलं ते मात्र खुरप्यांमुळं नाही. पाच वर्षांचा नातू चेंडू शोधायला आत गेला आणि बाहेर आला तो हातात बाटली घेऊन. बाटलीवर लाल त्रिकोण. झाकण घट्ट होतं, म्हणून आज मी हे शांतपणे सांगू शकते. त्या दिवशी माझ्या घशाखाली घास उतरला नाही.

म्हणून मायबापहो, सुरुवात औषधांपासून करा. कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. हिरवा असला तरी ते विषच. आम्ही सगळ्या बाटल्या एका लोखंडी पेटीत घातल्या, कुलूप लावलं आणि पेटी धान्यापासून, पेंडीपासून लांब ठेवली. रिकाम्या डब्यांना भोकं पाडली, म्हणजे कुणी त्यात पाणी भरणार नाही. मुदत संपलेलं औषध विहिरीत, ओढ्यात ओतू नका. ते बाजूला बांधून ठेवा आणि सहायक कृषी अधिकाऱ्याला, म्हणजे पूर्वीच्या कृषी सहायकाला, विचारा.

दुसरी गोष्ट विंचवाची आणि सापाची. पोत्याखाली, सरपणाखाली, दगडाच्या फटीत ते गारव्याला बसलेले असतात. आधी काठीनं हलवायचं, मगच हात घालायचा. पायात बूट हवेतच. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध लागू पडतं, हे ज्यांनी महाडला रुग्ण तपासून जगाला दाखवलं ते डॉ. हिंमतराव बावस्कर आपल्या जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. म्हणून विंचू चावला, साप चावला, तर मंत्र-उतारा करत बसू नका, जखम कापू नका. १०८ ला फोन करा आणि दवाखाना गाठा. झाडण्याआधी पाणी शिंपडा, तोंडाला रुमाल बांधा. उंदरांच्या लेंड्यांची धूळ छातीत जायला नको.

सोयाबीनचं घरचं बियाणं आम्ही पत्र्याला टेकून, जमिनीवरच ठेवलं होतं. खालून ओल, बाजूनं पत्र्याची धग. त्यातले शंभर दाणे ओल्या बारदानात गुंडाळून ठेवले, उगवले चौसष्ट. सत्तर उगवले असते तर एकरी तीस किलो पुरलं असतं. सत्तरच्या खाली जितके दाणे कमी, तितकं दाण्यामागं अर्धा किलो बियाणं वाढवायचं, म्हणजे आम्हाला तेहतीस किलो लागणार. साठच्याही खाली गेलं तर ते पेरूच नये. आता पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर दूर आहेत. सोयाबीनचं टरफल पातळ असतं, म्हणून पोतं आपटायचं नाही, हे मुलांना बजावून सांगितलंय.

बाकीचं सोपं होतं. विळे-खुरपी खिळ्यांना टांगली, फणांना जळकं ऑइल लावलं, मोडकं लोखंड भंगारवाल्याला दिलं. खोली उपसायला दोन दिवस लागले, आमच्या आत्याबाई दोन्ही दिवस दारात बसून होत्या. भूकंपानंतरच्या रात्री जळणारा कंदील निघाला, तो त्यांनी मांडीवर घेतला आणि पदरानं पुसला. त्याच्यासाठी वेगळा खिळा ठोकला.

राहिली ती चार पिंपं. एका पिंपात कधीतरी औषध कालवलं होतं, ते भोकं पाडून बाद केलं. उरलेली तीन घासून धुतली आणि पत्र्याला पन्हळ लावून तिच्याखाली ठेवली. एवढ्याशा छपरावर पन्नास मिलिमीटर पाऊस पडला तर नऊशे लिटरच्या आसपास पाणी उतरतं. पहिल्या सरीचं पाणी सोडून द्यायचं, त्यात पत्र्याची घाण असते. दुसरी सर भरून घ्यायची, जनावरांना, भाजीला. आत्याबाई रोज संध्याकाळी पन्हळीकडं बघतात आणि मग आभाळाकडं.

नमस्कार.