मऊ काठाची नाव
(सांगलीत पावसाळ्याच्या तोंडावर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पावसाळ्यात आपल्याकडं कुणी भेटलं की पहिला प्रश्न असतो, 'आयर्विनला किती फूट?' म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती चढलंय. 40 फुटांना इशारा, 45 ला धोका, हे इथल्या पोराटोरांनाही पाठ आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं आणि आपल्या पेठांमधून, गल्ल्यांमधून रबरी बोटी फिरल्या. या बोटी नदीसाठी जन्मल्या नव्हत्या. त्या समुद्रकिनाऱ्यावरच्या गरजेतून घडल्या. ती गरज कोणती होती आणि बोट तिच्या मापानं कशी बेतली गेली, हे आज सांगायचं आहे. कारण माझं ठाम मत आहे की कुणाला वाचवायचंय हे आधी ठरतं आणि बोट त्यानंतर.

हवेनं फुगणाऱ्या नावेची कल्पना जुनी आहे. 1840 च्या दशकात पीटर हॅल्केट नावाच्या ब्रिटिश नौदलातल्या लेफ्टनंटनं रबर चढवलेल्या कापडाचा अंगरखा तयार केला. भात्यानं हवा भरली की त्याची एका माणसाची नाव व्हायची आणि छत्री उघडली की शीड. जॉन रे या संशोधकानं उत्तर ध्रुवाकडच्या प्रदेशात नद्या ओलांडायला ती वापरलीही. पुढं 1930 च्या दशकात फ्रान्समध्ये हवाई जहाजं बनवणाऱ्या झोडियाक कंपनीत पिएर दब्रुतेल या अभियंत्यानं फुगीर बोटीचा आराखडा केला. दोन बाजूंना हवेच्या नळ्या आणि मागं लाकडी फळी, असा आज ओळखीचा झालेला आकार त्यातूनच आला.

तरीही लोकांना हे खेळणंच वाटायचं. रबराच्या फुग्यात बसून समुद्रात कोण जाणार? 1952 मध्ये आलॅं बोंबार हा फ्रेंच डॉक्टर गेला. त्यानं बुडालेल्या खलाशांची प्रेतं पाहिली होती आणि जहाज फुटल्यावर माणूस तगू शकतो हे त्याला दाखवायचं होतं. साडेचार मीटरच्या झोडियाक बोटीतून तो कॅनरी बेटांवरून एकटा निघाला आणि 65 दिवसांनी बार्बाडोसला लागला. समुद्राचं पाणी पिण्याबद्दलच्या त्याच्या दाव्यांवर पुढं बराच वाद झाला, तो आपल्या विषयात येत नाही. बोट टिकली, ही गोष्ट मात्र कुणाला नाकारता आली नाही.

आता ब्रिटन. तिथं रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन ही संस्था 1824 पासून समुद्रात माणसं वाचवते. ती लोकांच्या देणग्यांवर चालते आणि तिच्या बोटींवर जाणारे बहुतेक जण स्वयंसेवक असतात. तिच्या मोठ्या, जड बोटी वादळात सापडलेल्या जहाजांसाठी बांधलेल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र किनाऱ्यावर सुट्टी घालवणाऱ्यांची गर्दी वाढली. संकटात सापडणारा माणूसच बदलला. पोहताना ओढला गेलेला मुलगा, उलटलेली छोटी शिडाची होडी, भरतीनं कड्याखाली अडकवलेलं कुटुंब, अशा हाका येऊ लागल्या. हे सगळं किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर आणि उथळ पाण्यात घडायचं. मोठी बोट तिथं शिरू शकत नाही आणि तिचे खलाशी जमून ती पाण्यात उतरेपर्यंत बुडणारा थांबत नाही.

म्हणून 1963 मध्ये संस्थेनं फुगीर बोटी किनाऱ्यांवर ठेवायला सुरुवात केली. वेल्समधलं ॲबरिस्टविथ हे त्यांतलं एक ठाणं. बोट सुमारे 5 मीटर लांब, दोन-तीन माणसांच्या हातानं पाण्यात ढकलता येणारी. 'डी क्लास' म्हणून हीच जात पुढं सुधारत गेली. 2003 पासूनच्या बोटीला 50 अश्वशक्तीचं इंजिन आहे आणि वेग 25 नॉट, म्हणजे ताशी 46 किलोमीटरच्या आसपास.

इथं जरा थांबतो, कारण या बोटीचं खरं मर्म तिच्या काठात आहे. अर्धा मीटर व्यासाची नळी घ्या. तिचा एक मीटर तुकडा पूर्ण बुडवायला जवळजवळ 200 किलो वजन लागतं. लाकडी होडीच्या एका काठाला दोन-तीन जण लोंबकळले की ती कलते आणि पाणी आत येतं. फुगीर बोट कलायला लागली की त्या बाजूची नळी पाण्यात दबते आणि तेवढ्याच जोरानं वर रेटते. बोट थेट बुडणाऱ्याच्या अंगाला लावता येते, डोक्याला आपटली तरी कवटी फुटत नाही आणि गलितगात्र माणसाला त्या गोल काठावरून आत ओढून घेता येतं. आतल्या हवेचा दाबही फार नसतो, मोटारीच्या टायरच्या जेमतेम दहावा हिस्सा. नळीचे आतून वेगवेगळे कप्पे असतात, म्हणून एक फाटला तरी बाकीचे तारतात.

दोष होता तळात. कापडी तळ लाटांवर लचकायचा आणि गोट्यांच्या किनाऱ्यावर घासून जायचा. यावर उपाय सापडला तो एका शाळेत. वेल्सच्या किनाऱ्यावर सेंट डोनट्सच्या किल्ल्यात 1962 मध्ये अटलांटिक कॉलेज सुरू झालं. त्याचे पहिले मुख्याध्यापक रिअर ॲडमिरल डेस्मंड होर. तिथले विद्यार्थी अभ्यासाबरोबर बचावाचं कामही करायचे. होर आणि ही पोरं बोट बनवायची, समुद्रात न्यायची, ती मोडायची, मग पुन्हा नवी बनवायची. अशी वर्षं गेली. शेवटी प्लायवूडचा कडक, खोल तळ आणि त्याभोवती हवेच्या नळ्या, ही जोडी जमली. 1972 मध्ये 'अटलांटिक 21' ही बोट सेवेत आली. नाव कॉलेजचं आणि 21 म्हणजे लांबी फुटांत. मागच्या चौकटीवर एक हवेची पिशवी बांधलेली असते. बोट उलटली तर खलाशानं ती फुगवायची, मग बोट सरळ होते. होर यांनी या शोधाचं पेटंट लाइफबोट संस्थेला एका पौंडाला देऊन टाकलं. सतरा-अठरा वर्षांच्या मुलांच्या हातून घडलेली ही रचना आज जगभरची तटरक्षक दलं वापरतात, याचा मला मनापासून आनंद होतो.

आता आपली कृष्णा. जुन्या काळी आपल्याकडं पुरात काहिलीत, म्हणजे गूळ करायच्या मोठ्या पसरट कढईत, बसवून माणसं पार नेली जायची. त्या नावाड्यांचं धाडस मोठं होतं. पण 2019 ला ब्रह्मनाळ गावात पुरातून बाहेर पडणाऱ्या माणसांची बोट उलटली आणि घरंच्या घरं रिकामी झाली. ते दुःख या तालुक्यांतून अजून गेलेलं नाही. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन पुण्याजवळ सुदुंबऱ्याला असते. तिच्या बोटी पोहोचेपर्यंतचे तास गावालाच निभावावे लागतात. आणि आपल्याकडं वाचवायचा माणूस लाटांत नसतो, तो पत्र्यावर असतो, सोबत म्हातारी आई आणि दावणीची म्हैस. पाण्याखाली काटेरी बाभळी, कुंपणाच्या तारा, उसाचं पाचट इंजिनाच्या पंख्यात अडकणार, वर विजेच्या तारा हाताला लागतील इतक्या खाली. म्हणून गावासाठी बोट घेताना इंजिनाच्या ताकदीआधी कापडाची जाडी, तळ आणि पंख्याभोवतीचा पिंजरा बघा.

प्रश्नोत्तरांत एका ताईंनी विचारलं, आमच्या ग्रामपंचायतीची रबरी बोट गोदामात घडी करून ठेवलीय, तिचं काय करायचं? मी सांगितलं ते असं. मे महिन्यात बाहेर काढा. उंदरांनी कुरतडलीय का बघा, घडीच्या जागी भेगा पडल्यात का बघा. मग सगळे कप्पे थोडे थोडे, आळीपाळीनं भरा, एकच कप्पा तट्ट करू नका. प्रत्येक सांध्याला, व्हॉल्व्हला साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले तिथं खूण करा आणि रात्रभर फुगवून ठेवा. इंजिन पाण्यात उतरवून चालवा. बोटीत जास्तीत जास्त किती माणसं बसवायची तो आकडा तिच्यावर मोठ्या अक्षरात रंगवा आणि तेवढी लाइफ जॅकेटं बोटीबरोबरच ठेवा. आणखी एक, उन्हात भरलेली बोट थंड पाण्यात टाकली की आतली हवा आकसते आणि काठ सैल पडतो. तेव्हा पंप काठावर विसरू नका, तो बोटीतच हवा.