फायटर सिममधला आवाज आणि नजर: ‘रिअल’ म्हणजे नक्की काय?

(आवाज: मर्लिन इंजिन, फुल थ्रॉटल, विमानाबाहेरून रेकॉर्ड केलेलं)

रोल्स-रॉइस मर्लिन. बारा सिलिंडर, २७ लिटर. एअर शोमध्ये स्पिटफायर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश फायटर, डोक्यावरून गेलं की हाच आवाज येतो आणि अंगावर काटा येतो. पण आत बसलेल्या पायलटला तो असा ऐकूच येत नाही. इंजिन त्याच्या समोर, एक्झॉस्टच्या नळ्या दोन्ही बाजूंनी उघड्या, कानांवर चामड्याचं हेल्मेट आणि त्यात इअरफोन. त्याच्या वाट्याला येते ती एक जाड, सलग घरघर आणि तिच्यात मिसळलेली रेडिओची खरखर.

आता हीच घरघर जशीच्या तशी सिममध्ये, म्हणजे फायटर विमान उडवण्याच्या कॉम्प्युटर गेममध्ये घातली, तर लोक म्हणणार, “आवाजात दमच नाही!” आणि बाहेरून रेकॉर्ड केलेला कडक आवाज घातला, तर दुसरे म्हणणार, “हे खोटं आहे.” दोघांचंही बरोबर आहे, म्हणून हे भांडण मिटत नाही.

मी एक साधा निकष लावतो. खऱ्या पायलटला त्या क्षणी काय कळलं असतं? तेवढं मला कळलं पाहिजे. कमी नाही, जास्तही नाही. मग ते कानातून कळो, नाहीतर डोळ्यातून.

हा निकष लावून बघा. विमान स्टॉलच्या, म्हणजे पंखांची उचल संपायच्या, जवळ आलं की पंखावरची हवा विस्कटते आणि अख्खं विमान थरथरायला लागतं. खऱ्या पायलटला ते काठीतून आणि सीटमधून कळतं. आपण खुर्चीवर बसलोय, खुर्ची काही हलत नाही. म्हणून सिममध्ये त्या थरथरीचा खडखडाट ऐकवतात. खऱ्या कॉकपिटमध्ये तो इतका स्पष्ट ऐकू येणार नाही, पण माहिती खरी आहे. हे मला मान्य. वळणात जी, म्हणजे शरीरावर गुरुत्वाकर्षणाच्या पटीत पडणारा जोर, वाढले की सिममधला पायलट कण्हतो, धापा टाकतो, तेही मान्य. खरे पायलट रक्त डोक्यात टिकवायला पोट आणि पाय आवळून तसाच श्वास घेतात.

पण मागून आलेल्या शत्रूच्या इंजिनाचा आवाज? काही गेममध्ये तो चक्क ऐकू येतो. हेडफोन चांगले असले तर डावीकडून आला की उजवीकडून, तेही कळतं. ही सरळसरळ चीटिंग आहे. स्वतःच्या इंजिनाच्या त्या गदारोळात दुसऱ्याचं इंजिन ऐकू येणं अशक्य. मागे कोणी आहे हे खऱ्या पायलटला बिचाऱ्याला बरेचदा गोळ्या लागल्यावरच कळायचं. डीसीएस या सिमच्या साउंड सेटिंगमध्ये हेल्मेट घातल्यासारखं ऐकू येण्याचा एक पर्याय आहे. तो चालू ठेवा. आठवडाभर कंटाळवाणं वाटेल, मग मान वळवायची सवय लागेल.

बंदुकांचा आवाजही असाच फसवा. सुरुवातीच्या स्पिटफायरवर आठ ब्राउनिंग मशीनगन होत्या, प्रत्येकी मिनिटाला अकराशेच्या वर गोळ्या झाडणाऱ्या. आठही मिळून सेकंदाला दीडशेच्या आसपास. सुट्टी गोळी ऐकू येणारच नाही, जाड कापड टराटरा फाटल्यासारखा एकच आवाज येणार. त्यामुळे ज्या सिममध्ये ‘धाड धाड धाड’ ऐकू येतं, तिथे मला शंका येते.

जेटचं प्रकरण वेगळंच. इंजिन पाठीमागे, कॅनोपी (कॉकपिटवरचं काचेचं झाकण) बंद, हेल्मेट जाड. कानावर येतो तो एसीच्या हवेचा झोत, मास्कमधला स्वतःचा श्वास आणि रेडिओ. कामाचे आवाज सगळे इलेक्ट्रॉनिक. साइडवाइंडर मिसाइलला समोरची उष्णता सापडली की हेडफोनमध्ये तिची गुरगुर बदलते. कोणाच्या रडारने तुम्हाला धरलं की वॉर्निंग रिसीव्हर ओरडतो. हे सिममध्ये हुबेहूब जमतं, कारण मुळातच तो आवाज हेडफोनमधून येणारा आहे.

आता डोळ्यांकडे येऊ. इथे खरी गोची आहे.

(स्क्रीनवर: निळं आकाश, मधोमध एक ठिपका)

पाच किलोमीटरवर मेसरश्मिट १०९, स्पिटफायरच्या काळातलं जर्मन फायटर. पंखांची लांबी साधारण दहा मीटर. चांगल्या डोळ्याला एक आर्कमिनिट, म्हणजे अंशाचा साठावा भाग, वेगळा ओळखता येतो. हे विमान सात आर्कमिनिट रुंद भरतं. म्हणजे खऱ्या पायलटला ते पंखासकट दिसू शकतं. तुमच्या १९२० पिक्सेल रुंद मॉनिटरवर ९० अंशांचा व्ह्यू ठेवलात, तर त्याच विमानाला मधोमध जेमतेम दोन पिक्सेल मिळतात. पंख कुठले ओळखताय!

म्हणून झूम. झूमला चीटिंग म्हणणाऱ्यांना मी हाच हिशोब दाखवतो. झूम केल्यावर तुम्हाला दुर्बीण मिळत नाही, मॉनिटरने हिरावलेली नजर परत मिळते, आणि त्याची किंमत म्हणून आजूबाजूचं दिसायचं बंद होतं. फाल्कन बीएमएस या सिममध्ये वेगळी युक्ती आहे, लांबची विमानं तिथे थोडी मोठी करून दाखवतात. कागदावर खोटं, निकालात जास्त खरं.

गंमत म्हणजे मॉनिटर काही बाबतीत जास्तीचंही देतो. रिकाम्या आकाशात बघताना डोळ्याला धरायला काही नसतं, तेव्हा तो आपोआप मीटर-दोन मीटरवर फोकस करून बसतो आणि लांबचं विमान समोर असून निसटतं. आपला डोळा मात्र सदान्कदा स्क्रीनवरच फोकस झालेला. आणि हेड ट्रॅकिंगवर, म्हणजे आपलं डोकं वळलं की गेममधली नजर वळवणाऱ्या यंत्रावर, डोकं जरासं वळवलं की पाठीमागचं सगळं दिसतं, तेही सहा जी ओढत असताना! खरे पायलट मान सारखी फिरवून कॉलर घासते म्हणून गळ्यात रेशमी स्कार्फ बांधायचे. तो काही स्टाइलचा भाग नव्हता.

कॅनोपीच्या चौकटीच्या पट्ट्यांबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण सगळ्यात जास्त शिव्या त्यांनाच पडतात. आपल्या दोन डोळ्यांमध्ये सहा-साडेसहा सेंटीमीटर अंतर असतं. पट्टी त्याहून अरुंद असली, तर लांबचं जे एका डोळ्याला झाकलं जातं ते दुसऱ्याला दिसतं. पट्टी जणू पारदर्शक होते. विश्वास बसत नसेल तर डोळ्यांसमोर एक पेन उभं धरा आणि लांब बघा. मॉनिटरवर मात्र कॅमेरा एक, म्हणजे डोळा एकच. तीच पट्टी भिंत होते. व्हीआरमध्ये, म्हणजे डोळ्यांवर चढवायच्या हेडसेटमध्ये, दोन डोळे परत मिळतात, म्हणून १०९चं ते पिंजऱ्यासारखं कॉकपिट व्हीआरमध्ये एकदम मोकळं वाटतं.

फोकवुल्फ १९० या जर्मन फायटरचा किस्सा तर जुन्या खेळाडूंना पाठ आहे. २००१ साली आयएल-२ श्टुर्मोविक हे सिम आलं, आणि त्यातल्या फोकवुल्फमध्ये गनसाइटखाली (नेम धरायच्या यंत्राखाली) एक जाडजूड पट्टी नाकावरचं सगळं झाकायची. मोजमापं बरोबर होती. पण खऱ्या विमानात समोर सुमारे ५० मिलिमीटर जाडीची, चांगलीच तिरकी बुलेटप्रूफ काच होती. खालून येणारा प्रकाश त्या काचेत वाकून पायलटच्या डोळ्यात शिरायचा, त्यामुळे आतून पट्टी बरीच पातळ दिसायची. गेमच्या काचेत प्रकाश वाकतच नव्हता. ड्रॉइंग अचूक, नजारा चुकीचा. यावर लोक वर्षानुवर्षं भांडले.

तेव्हा सेटिंग करताना एवढं करा. झूम बटणावर ठेवू नका, थ्रॉटलजवळच्या एखाद्या फिरत्या नॉबवर घ्या, म्हणजे हवा तेवढाच करता येईल. हेड ट्रॅकिंगचा कर्व्ह (डोकं किती वळलं की नजर किती वळेल, ते प्रमाण) असा लावा की मागे बघायला थोडे कष्ट पडतील. इंजिनचा आवाज कमी करून रेडिओ आणि वॉर्निंग वर आणा. आणि विमानं ओळखायला गेम त्यांच्यावर दाखवतो ती लेबलं? शिकताना खुशाल ठेवा, पण ऑनलाइन सर्व्हरवर लेबलं बंद असतील तर दोन दिवस तुम्हाला कोणीच दिसणार नाही, ही तयारी ठेवून जा.