दाढीवाले नाहीत का आज?

नमस्कार, श्रोतेहो.

२१ सप्टेंबर १९९५, गुरुवार. गणपती गावाला जाऊन पंधरवडाही उलटला नव्हता, पितृपक्ष चालू होता, आणि सकाळी सकाळी आमच्या दादरच्या चाळीत बोभाटा झाला की गणपती दूध पितोय. आधीच कबूल करतो, मीही देवळाच्या रांगेत होतो. हातात स्टीलची वाटी, चहाचा चमचा. सोंडेला चमचा टेकवला आणि दूध खरंच कमी झालं हो! अंगावर काटा आला. मूर्तीखाली ओल होती, पण तिकडे बघतो कोण?

ते बघितलं 'आज तक'नं. मोच्याकडे चपला ठोकायला तीन पायांचं लोखंड असतं ना, त्याला त्यांनी दुधाचा चमचा लावून दाखवला. लोखंडही दूध प्यालं! काठोकाठ भरलेला चमचा कशालाही टेकवला की पृष्ठताणामुळे दूध ओढलं जातं आणि पातळ ओघळ होऊन खाली उतरतं. एवढंच. कुणाच्या श्रद्धेला चिमटा नाही, आरडाओरडा नाही. आई म्हणाली, "म्हणजे आपण लादीला दूध पाजलं." आणि हसली. तेव्हा अर्धा लिटर दूध वाया जाणं ही आमच्या घरात हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हती.

त्या बातम्यांमागचा माणूस म्हणजे सुरेंद्र प्रताप सिंह. दिल्लीत सगळे त्यांना एस. पी. म्हणत. जन्म १९४८चा, गाझीपूर जिल्ह्यातला. पण उमेदवारी केली ती आपल्या मुंबईत, 'धर्मयुग' साप्ताहिकात. पुढे कोलकात्याला 'रविवार'चे संपादक झाले, मग 'नवभारत टाइम्स'. जन्म छापील अक्षरात गेलेला हा माणूस जुलै १९९५मध्ये कॅमेऱ्यासमोर बसला. तेव्हा 'आज तक' ही वाहिनी नव्हती. दूरदर्शनच्या मेट्रो वाहिनीवर रात्री लागणारं वीस मिनिटांचं बातमीपत्र, बस्स.

दाढी, चष्मा, आणि पानटपरीवर उभं राहून बोलावं तशी हिंदी. दूरदर्शनची हिंदी तोवर इतकी सोवळ्यातली असायची की निम्मे शब्द डोक्यावरून जात. एस. पीं.चं बोलणं आईला स्वयंपाकघरात झाकपाक करताकरता कळायचं. रेडिओवाल्याच्या तोंडून ही दाद समजा: त्यांच्या बातम्या नुसत्या ऐकल्या तरी भागायचं. मधूनच एखादं तिरकस वाक्य यायचं, पण चेहऱ्यावरची रेषा हलायची नाही. आणि शेवटी ठरलेलं: "ये थीं ख़बरें आज तक, इंतज़ार कीजिए कल तक." मग चाळीतले दिवे एकेक करून बंद व्हायचे.

१३ जून १९९७. दिल्लीत ग्रीन पार्कच्या उपहार सिनेमात दुपारच्या खेळाला आग लागली. लोक धुरात कोंडले, ५९ जणांचा जीव गेला. ती बातमी एस. पीं.नी दिली. आवाज चढला नाही, पण शब्दांच्या मधली जागा वाढली होती. मी आजही बोलताना कुठे थांबावं हे ठरवतो तेव्हा ती जागा आठवते.

त्यानंतर काही दिवसांतच त्यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. आम्हाला चाळीत काय कळणार? बातम्या लागायच्या, दुसरंच कोणी दिसायचं. आई पदराला हात पुसत बाहेर यायची आणि विचारायची, "दाढीवाले नाहीत का आज?"

२७ जूनला ते गेले. पन्नाशीही गाठली नव्हती. चोवीस तासांचं 'आज तक' सुरू झालं २०००च्या अखेरीला, ते काही त्यांनी पाहिलं नाही.

ते गेल्यावरही ठरलेलं वाक्य चालू राहिलं, दुसऱ्यांच्या तोंडून. आई मात्र त्या वाक्यापर्यंत थांबायची नाही. आधीच उठून टीव्हीचं बटण बंद करायची.