गाळाने घडवलेला जलाशय : नांदूर मध्यमेश्वर

नाशिकहून निफाड तालुक्याकडे निघाले की चांदोरी, सायखेडा ही गावे ओलांडताना द्राक्षबागा आणि उसाच्या शिवाराआडून गोदावरी अधूनमधून दर्शन देते. शहरापासून सुमारे ४० किलोमीटरवर, चापडगावच्या पुढे, हीच नदी अचानक रुंद, उथळ आणि संथ होते. ज्यांना नौकाविहाराची हौस आहे त्यांनी नाशिकजवळच्या गंगापूर धरणावरच्या बोट क्लबकडे वळावे. नांदूर मध्यमेश्वरला पाण्यात उतरायचे नसते. काठावर थांबून शांतपणे पक्षी पाहायचे असतात.

समोर दिसणारा हा जलाशय निसर्गनिर्मित नाही. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, ब्रिटिश राजवटीत, सिंचनासाठी बंधारा घालण्यात आला. वरच्या गंगापूर, दारणा यांसारख्या धरणांतून सोडलेले पाणी या बंधाऱ्यापाशी अडते, त्याची पातळी वाढते आणि येथून निघणाऱ्या डाव्या व उजव्या कालव्यांतून ते पुढच्या अवर्षणप्रवण भागातील शेतीकडे जाते. साठवण हा या बंधाऱ्याचा मुख्य हेतू कधीच नव्हता. आलेले पाणी वळवून देणे एवढेच त्याचे काम होते.

परंतु पाण्यासोबत माती येतेच. दरवर्षीच्या पुराने वाहून आणलेला गाळ संथ पाण्यात बसत गेला, त्याची बेटे झाली, बेटांवर गवत आणि पाणवनस्पती वाढल्या, आणि काठाकाठाने दलदल पसरली. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात गाळ म्हणजे निव्वळ तूट असते. येथे मात्र त्याच तुटीतून, कोणीही न योजता, महाराष्ट्रातील एक श्रेष्ठ पाणथळ उभी राहिली आहे. १९८६ मध्ये या परिसराला अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२० च्या जानेवारीत राज्यातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून त्याची घोषणा झाली.

येथे येण्याचा उत्तम काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. निफाडची थंडी राज्यभर प्रसिद्ध आहे, त्यामुळे पहाटे निघणाऱ्यांनी कानटोपी आणि जाड स्वेटर विसरू नये. निरीक्षण मनोऱ्यावर पोहोचेपर्यंत पाण्यावरचे धुके विरळ होऊ लागते आणि आधी आवाज, मग आकार उमटतात. लांबवर काळ्या ठिपक्यांसारखे दिसतात ते वारकरी नावाचे पाणपक्षी. चपट्या चोचीने पाणी गाळून खाणारे थापट्या आणि टोकदार शेपटीची तलवार बदके हे उत्तरेकडून आलेले हिवाळी पाहुणे. उजाडल्यावर क्रौंचांचे थवे आजूबाजूच्या गहू-हरभऱ्याच्या शेतांकडे निघतात, तेव्हा त्यांचा कर्णा वाजल्यासारखा आवाज सबंध शिवारात घुमतो.

या सगळ्यांत काही वेळ चमचा पक्ष्याला द्यावा. पांढराशुभ्र, लांब पायांचा हा पक्षी गुडघाभर पाण्यात चालतो आणि टोकाशी पसरट असलेली चोच अर्धवट उघडी ठेवून डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडे, अशी सतत फिरवत राहतो. गढूळ पाण्यात त्याला भक्ष्य दिसण्याची गरज नसते. चोचीला मासा किंवा किडा लागला, की ती तत्क्षणी मिटते. अशा शिकारीला उथळ पाणी आणि मऊ गाळच हवा. खोल, स्वच्छ काठांच्या धरणात हा पक्षी उपाशी राहील.

म्हणूनच येथील सहल पाण्याच्या पातळीवर अवलंबून असते. कालव्यांना आवर्तन, म्हणजे शेतीसाठी पाळीने सोडले जाणारे पाणी, सुरू असताना, किंवा वरून पाणी सोडलेले असताना, पातळी बदलते. पाणी चढले की गाळाची बेटे बुडतात आणि चिखलात चरणारे शेकाटे, तुतवार दुसरीकडे सरकतात; पाणी ओसरले की ओल्या चिखलावर त्यांची गर्दी होते. स्थानिक वाटाड्याला आदल्या दिवशी फोन करून एवढेच विचारावे, “भाऊ, गाळ उघडा आहे का?” गावातील ही तरुण मुले पक्ष्यांची नावे, जागा आणि वेळा अचूक सांगतात. त्यांना सोबत घेणे हा या सहलीतला सर्वांत योग्य खर्च आहे, असे आम्हाला ठामपणे वाटते.

काळजी वाटावी असेही येथे पुष्कळ आहे. वरच्या शहरांचे सांडपाणी नदीत येते, त्यावर पाणवेली पोसते आणि तिचा हिरवा थर पसरला की पाण्यात शिरणारा प्रकाश आणि पाण्यातला प्राणवायू दोन्ही कमी होतात. देवळालीच्या नावाने ओळखला जाणारा, अतिसंकटग्रस्त ठरलेला एक छोटा मासा या पाण्यात नोंदलेला आहे. पक्ष्यांच्या गर्दीत त्याची आठवण कोणी काढत नाही, पण नदीच्या प्रकृतीशी त्याचे जगणे थेट बांधलेले आहे.

पक्षी पाहून झाल्यावर लगेच परतू नये. नांदूर मध्यमेश्वर गावाकडे जाऊन नदीकाठचे मध्यमेश्वराचे मंदिर पाहावे आणि बंधाऱ्यापाशी थोडे थांबावे. कालव्यांची दारे येथे दिसतात. येथून पाणी कोपरगाव, राहात्याच्या शेतांकडे जाते आणि जलद कालव्याने थेट वैजापूर, गंगापूर या मराठवाड्यातील तालुक्यांपर्यंत पोहोचते. परिसरातील उसात बिबट्याचा वावर असल्यामुळे परतीचा प्रवास दिवस मावळण्याआधी सुरू करावा.