फॉल्स सीलिंगच्या वर
(माहितीपटाचं निवेदन)

[दृश्य: छताची टाइल निघते. टॉर्चचा उजेड आत शिरतो.]

ही टाइल बऱ्याच वर्षांनी निघते आहे. टॉर्च वर गेला की आधी दिसते धूळ, मग वायरींचा गुंता, आणि त्यामागे पिवळ्या ग्लासवूलमध्ये गुंडाळलेला जुना डक्ट, म्हणजे एसीची हवा खोल्यांपर्यंत नेणारी पत्र्याची वाट.

आता ग्लासवूलकडे नीट पाहा. सगळीकडे पिवळं आहे, पण ठरावीक अंतरावर काळे पट्टे उठलेत. जिथे पट्टा आहे, तिथे खाली दोन तुकड्यांचा जोड आहे. त्या जोडातून वर्षानुवर्षं हवा निसटत राहिली आणि जाताना स्वतःतली धूळ या ग्लासवूलमध्ये गाळून गेली. मिस्त्री एका पट्ट्यावर बोट ठेवतात, कॅमेऱ्याकडे बघतात आणि काही न बोलता पुढच्या पट्ट्याकडे सरकतात. या एका ओळीत आम्ही असे अकरा पट्टे मोजले.

अमेरिकेतल्या एनर्जी स्टार या ऊर्जाबचतीच्या कार्यक्रमाच्या अंदाजानुसार साधारण घरात डक्टमधून जाणाऱ्या हवेपैकी २० ते ३० टक्के हवा गळती, भोकं आणि ढिले जोड यांतून वाया जाते. बिल वाढतं, खोली गार होत नाही, आणि रिटर्नच्या, म्हणजे खोलीतली हवा मशीनकडे परत नेणाऱ्या बाजूला जोड उघडा असेल तर फॉल्स सीलिंगवरची धूळ थेट माणसांच्या नाकात जाते.

[दृश्य: जुने तुकडे खाली उतरतात.]

जुना डक्ट उतरवताना घाई चालत नाही. इमारत जुनी असेल आणि जोडांवर पांढरट, कापडासारखी पट्टी दिसली तर काम तिथेच थांबवतात. त्या पट्टीत ॲस्बेस्टॉस असू शकतं, श्वासातून आत गेलं तर फुफ्फुसांना घातक. तिचा नमुना तपासून आल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. इथे तशी पट्टी निघाली नाही. दुपारपर्यंत छत मोकळं झालं.

[दृश्य: वर्कशॉप. पत्र्याची गुंडाळी उलगडते.]

नव्या डक्टची सुरुवात इथे होते. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा गुंडाळीतून सरळ होत मशीनवर येतो. उजेडात त्याच्यावर जस्ताची फुलं दिसतात. हा २४ गेजचा पत्रा आहे, म्हणजे जाडी साधारण ०.७ मिलीमीटर. मोठ्या मापाच्या डक्टला याहून जाड लागतो. गेजचा आकडा जितका लहान तितका पत्रा जाड, हे नव्या पोराला पहिल्याच दिवशी सांगतात आणि पहिल्याच दिवशी त्याची गल्लत होते.

आम्ही पोहोचलो तेव्हा नकाशे आणि मापं तयार होती. कागदावर लिहिलंय १२०० बाय ३०० मिलीमीटर. पण भिंतीवर टांगलेल्या जुन्या कागदावर त्याच कामासाठी आधी ६०० बाय ६०० होतं. दोन्हीचं क्षेत्रफळ एकच. फरक घेराचा आहे. चौकोनी डक्टचा घेर २.४ मीटर भरतो, चपट्याचा ३ मीटर. पत्रा जास्त, इन्सुलेशन जास्त, हवेचं घासणंही जास्त. तरीही चपटा घ्यावा लागला, कारण स्लॅबखालच्या बीममुळे वर जागाच नव्हती. डक्टची रुंदी उंचीच्या चौपटीवर मात्र जाऊ द्यायची नाही, असा या धंद्यातला सर्वसाधारण दंडक आहे. १२०० बाय ३०० बरोबर त्या काठावर बसतं.

[दृश्य: क्रॉस ब्रेक. पत्र्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुली उमटते.]

ही फुली शोभेसाठी नाही. सपाट पत्र्यावर हवेचा दाब आला की तो फुगतो, दाब गेला की आत बसतो, आणि दर वेळी डब्यावर थाप मारल्यासारखा आवाज येतो. रात्री पंखा सुरू होताना छतातून जो 'धप्' असा आवाज येतो तो पुष्कळदा हाच असतो. पत्र्याला अशी हलकी फुली घातली की पत्रा ताठ राहतो.

[दृश्य: पिट्सबर्ग लॉक. अगदी जवळून.]

आणि हे पाहा. आमच्या अख्ख्या चित्रीकरणात सगळ्यात जास्त वेळ आम्ही या कोपऱ्यापाशी थांबलो. याला पिट्सबर्ग लॉक म्हणतात. एका पत्र्याच्या कडेला मशीन घडी घालून एक अरुंद खिसा करते. दुसऱ्या पत्र्याची कड काटकोनात वळवलेली असते. ती कड या खिशात सरकवायची आणि वर उरलेली पाळ हातोडीने दुमडत न्यायची. ठोक, सरक, ठोक, सरक. इथे ना वेल्डिंग, ना स्क्रू. हातोडी जरा वाकडी पडली तर पाळ सुरकुतते, आणि सुरकुतीतून हवा जाते. मिस्त्री मान तिरकी करून ठोक्याचा आवाज ऐकतात. घडी पक्की बसली की आवाज बदलतो. तो बदल माइकवरही आला आहे, ऐका.

[फक्त आवाज. निवेदन नाही.]

शेजारच्या टेबलावर बेंड तयार होतो आहे. हवेला वळवायचं तर तिला वळायला जागा द्यावी लागते. वळणाच्या मध्यरेषेची त्रिज्या डक्टच्या रुंदीच्या दीडपट ठेवली तर हवा शांतपणे वळते. जागा नसेल आणि काटकोनच घ्यावा लागला तर आत अशा वळवलेल्या पट्ट्या बसवतात. त्यांना व्हेन म्हणतात. व्हेन नसलेल्या काटकोनात हवा समोरच्या पत्र्यावर आदळते, भोवरे घालते आणि पुढच्या जाळीपर्यंत गुरगुरत जाते.

[दृश्य: जुन्या छापखान्याचं रेखाटन.]

डक्टमधून हवी तशी हवा नेण्याच्या आजच्या पद्धतीचा माग १९०२ सालच्या एका छापखान्यापर्यंत जातो. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातला हा छापखाना रंगीत छपाई करायचा. एका कागदावर एकामागून एक रंग चढायचे. दमट हवेत कागद फुगायचा, कोरड्या हवेत आकसायचा, आणि दुसरा रंग पहिल्यावर नेमका बसायचा नाही. विलिस कॅरियर हा तरुण अभियंता या कामाला लागला. थंड नळ्यांवरून हवा फिरवून तिच्यातला दमटपणा आटोक्यात ठेवायचा, असा आराखडा त्याने मांडला. त्याच्या रेखाटनावर १७ जुलै १९०२ ही तारीख आहे. त्या कामात माणसांचा गारवा हा हेतूच नव्हता. कागद सरळ राहावा एवढंच हवं होतं.

[दृश्य: नवा डक्ट वर चढतो.]

पुन्हा आपल्या मजल्यावर. स्लॅबमध्ये अँकर ठोकून आट्याच्या सळया सोडल्यात. त्यांना आडवी पट्टी, आणि पट्टीवर डक्ट. खाली चौघं, वर दोघं.

"दादा, डावीकडून जरा वर."

"थांब, लेव्हल बघू दे."

"बस, बस. नट मार."

लेव्हलचा बुडबुडा मध्यावर येतो आणि सगळ्यांचे हात एकदम सैल होतात.

इथल्या १० टनांच्या मशीनमधून मिनिटाला साधारण ४,००० घनफूट हवा निघते. टनाला ४०० सीएफएम, म्हणजे मिनिटाला ४०० घनफूट, हा रोजच्या वापरातला हिशोब. हवा हलकी वाटते, पण वजन काढलं तर दर मिनिटाला सुमारे १३५ किलो हवा या पत्र्याच्या वाटेने धावणार आहे. दिवसभर, न थांबता. सळया, पट्ट्या आणि नट यांच्याकडे मग वेगळ्या नजरेने बघावं लागतं.

[दृश्य: दोन फ्लँज समोरासमोर. मधे गॅस्केट.]

आता जोड. आमचं या चित्रपटात जे काही म्हणणं आहे ते या चार बोटांच्या जागेत आहे.

दोन्ही तुकड्यांच्या तोंडाला फ्लँज आहे, म्हणजे बाहेर वळलेली कड. मधे गॅस्केटची मऊ पट्टी चिकटवतात, चारी बाजू अखंड, कोपऱ्यात तुटू न देता. चार कोपऱ्यांत बोल्ट, मधल्या लांबीवर क्लिप. इथपर्यंत बहुतेक ठिकाणी होतं. यानंतर जे करायचं ते बहुतेक ठिकाणी राहतं. डबा उघडा, ब्रश घ्या आणि जोडावर मॅस्टिक, म्हणजे फटी बुजवणारा घट्ट लेप, भरा. कोपरे, बोल्टच्या भोवती, पिट्सबर्ग लॉकची उभी शिवण, सळईसाठी पाडलेलं प्रत्येक भोक. स्मॅक्ना या पत्राकाम करणाऱ्यांच्या संस्थेची मानकं हा धंदा हाताशी ठेवतो. त्यांत सील करण्याचे वर्ग आहेत. 'अ' वर्गात आडवे जोड, उभ्या शिवणी आणि पत्र्याला पाडलेली भोकं, तिन्ही बुजवायची. या मजल्यावर 'अ' वर्ग पाळला गेला. पोरगा ब्रश ठेवतो आणि कोपऱ्यातलं मॅस्टिक अंगठ्याने आत दाबतो. ब्रश तिथे पोहोचत नाही.

मग डक्ट टेप कशासाठी, असं कुणीही विचारेल. नाव डक्ट टेप, पण त्याचा जन्म डक्टसाठी झालाच नाही. दुसऱ्या महायुद्धात दारूगोळ्याच्या पेट्या पाणी न शिरता बंद राहाव्यात आणि पटकन उघडाव्यात म्हणून कापडी टेप वापरा, असं व्हेस्टा स्टाउट या कारखान्यातल्या कामगार बाईंनी १९४३ साली थेट अध्यक्ष रूझवेल्टना पत्राने सुचवलं. डक्टवर तो नंतर आला. १९९८ साली अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने वेगवेगळे टेप आणि मॅस्टिक तापवून, थंड करून तपासले. कापडी पाठीच्या, रबरी गोंदाच्या टेपने जोडावरची पकड लवकर सोडली. आम्ही सुरुवातीला दाखवलेल्या अकरा पट्ट्यांखाली हाच टेप होता, सुकून पापुद्रा झालेला.

[दृश्य: घर. अरुंद छत, लवचिक डक्ट.]

घरात काम वेगळं असतं. जागा कमी, वळणं जास्त. मुख्य डक्टपासून खोल्यांपर्यंत बहुधा लवचिक नळी जाते, तारेच्या स्प्रिंगवर चढवलेली. ती दिसायला सोपी वाटते, आणि म्हणूनच तिच्यात सगळ्यात जास्त चुका होतात. पेटीतून काढली, लांब पडली म्हणून तशीच सैल गुंडाळून वर कोंबली, की आतल्या अस्तराला घड्या पडतात आणि हवेचा अडथळा कित्येक पटींनी वाढतो. इथे फिटर नळी दोन्ही हातांनी ताणतो, जास्तीची कापून टाकतो आणि दर सव्वा ते दीड मीटरवर आधार देतो. पट्टा रुंद हवा, किमान दीड इंच. तारेने बांधलं तर नळी गळा आवळल्यासारखी चेपते.

आणि चेपल्याची किंमत मोठी असते. गोल नळीचा व्यास निम्मा केला आणि तेवढीच हवा नेली तर अडथळा जवळपास ३२ पट होतो. मग पंख्याचा वेग वाढवून बघतात. वेग २० टक्के वाढवला की विजेची गरज सुमारे ७० टक्क्यांनी वाढते.

झोपायच्या खोलीचं दार बंद केल्यावर आत सोडलेली हवा परत कुठून येणार, हेही आधी ठरवावं लागतं. इथे दाराच्या वर जाळी दिली आहे.

[दृश्य: काळं नायट्राइल रबर पत्र्यावर चढतं.]

थंड पत्र्याला घाम फुटतो. बाहेर ३० अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर २४ अंशांच्या खालच्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी साचतं. डक्टमधली हवा तर १३ अंशांच्या आसपास असते. म्हणून हे काळं रबर. गोंद दोन्हीकडे लावायचा, हाताला चिकटेनासा होईपर्यंत थांबायचं, मगच दाबायचं. फट राहिली तर त्या फटीतून थेंब पडतो आणि फॉल्स सीलिंगवर तपकिरी डाग उमटतो.

भिंतीतून डक्ट जातो तिथे फायर डँपर बसवला आहे. त्यातली छोटी कडी साधारण ७० ते ७५ अंशांना वितळते आणि झडप आपोआप मिटते.

[दृश्य: सगळी तोंडं बंद. धुराचं यंत्र.]

आता परीक्षा. डक्टची सगळी तोंडं झाकली, एका टोकाला छोटा पंखा लावला, दाब ५०० पास्कलवर आणला. पाण्याच्या उंचीत सांगायचं तर जेमतेम ५ सेंटीमीटर. आत पांढरा धूर सोडला. दिवे घालवले, टॉर्च लावले.

[निवेदन नाही. धूर.]

दुसऱ्या बेंडपाशी, तिथे. दोऱ्याएवढी रेघ वर जाते आहे. मिस्त्री शिडी मागवतात. ब्रश, डबा, अंगठा. पुन्हा पंखा, पुन्हा धूर. रेघ गेली.

[दृश्य: जाळीखाली हूड.]

शेवटचं काम बॅलन्सिंगचं. प्रत्येक जाळीखाली हा कापडी हूड धरतात आणि किती हवा येते ते वाचतात. कागदावर लिहिलेल्या आकड्याच्या १० टक्के मागेपुढे चालतं. पंख्याजवळच्या जाळ्या नेहमीच जास्त खेचतात, टोकाच्या उपाशी राहतात. मग जवळचा डँपर, म्हणजे हवा कमीजास्त करणारी झडप, थोडा मिटायचा, टोकाला जाऊन पुन्हा मोजायचं, परत यायचं. एका मजल्याला यात अर्धा दिवस गेला. टोकाच्या खोलीत पहिल्यांदा ९० सीएफएम आले होते, हवे होते १५०. संध्याकाळी १४४ आले.

डँपरचा दांडा जिथे थांबला तिथे नट घट्ट केला, आणि पत्र्यावर लाल मार्करने रेघ ओढली. पुढे कधी कुणी हा दांडा हलवला तर परत कुठे आणायचा ते त्याला दिसेल.

टाइल बसते. छत पांढरं.